सॉनात नको

सॉनात नको, ओइवा.
काढ तो सूट खुंटीवरून, आत्ताच्या आत्ता.
पाण्याने भिजला असता तर मीच म्हणाले असते,
घाल भट्टीशेजारी.
मांडीवरचं ते ओलं पाणी नाही.
टाकी भरताना सांडलंय. दारातूनच वास येतोय.

बाहेर चल. तळ्याकडच्या दोरीवर,
शेकोटीपासून, वेइक्कोमामाच्या चिरुटापासून
लांब.
आधी वाऱ्याला खाऊ दे पेट्रोल.
जुलै आहे, रात्र अशी होणारच नाही;
अकरा वाजलेत तरी बर्चच्या खोडांवर ऊन बसलंय
उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखं.

बाहीवरचा डाग तेलाचा.
चोळू नकोस! चोळला की मुरतो.
जुनं फडकं नुसतं टेकवायचं, उचलायचं,
घडी बदलून पुन्हा टेकवायचं,
तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसं.
मग उद्या, वास गेल्यावर,
सूट उलटा करून, चेन लावून,
कोमट पाणी आणि साधा साबण. बास.
पेट्रोलने तेल काढायची अक्कल
गॅरेजातल्या शहाण्यांना लखलाभ.

आणि ती जांभळी बाटली, कपडे मऊ करणारी,
ती या घरात नाही. विचारू नकोस म्हणत होते,
पण आता विचारलंसच.

मी अकरा वर्षांची होते.
बाबांच्या सूटला लायलॅकचा वास यावा वाटलं,
म्हणून दोन झाकणं ओतली. मग आणखी एक.
ते हसले. म्हणाले, आज फुलांच्या शर्यतीला चाललोय.
त्या संध्याकाळी जंगलातल्या तिसऱ्या वळणावर
गाडी उलटली, पेटली,
आणि त्यांचा डावा हात
मनगटापासून कोपरापर्यंत
वितळल्या मेणासारखा झाला.

कुणी मला काही बोललं नाही.
कदाचित आग तशीच मोठी असेल.
कदाचित सूटच जुना, कोपरे विरलेला.
पुढे केव्हातरी शिवणीत दडलेली ती पट्टी वाचली:
बाटलीचं चित्र, त्यावर काट.
बाबांना दाखवली नाही.
त्यांनी ती आधीच वाचलेली असावी.
त्यानंतर धुणं ते स्वतःच करायचे, मी शाळेत असताना.

हे घे. जुन्या चादरीचा डगला शिवलाय, सुती.
गाडीखाली शिरताना सूट नको, हा घाल.
शर्यतीचं शर्यतीला, हातकामाचं हातकामाला.
तुझी खोड मला ठाऊक आहे,
हात पुसायला मांडीच शोधतोस,
अगदी त्यांच्यासारखा, डावी.

दोन वाजता डास मारत तळ्यापर्यंत जाऊन आले.
हुंगला.
अजून आहे थोडा.
राहू दे दोरीवर.