दुसऱ्या कुत्र्यादेखत

नियम भिंतीवर आहे, लॅमिनेट केलेला,
एका कोपऱ्यातून हवा शिरून फुगलेला:
बरा न होणारा, किंवा जबर जखमी,
तिघांनी तपासून, तिघांच्या सह्यांनी,
आणि दुसऱ्या कुत्र्यादेखत नाही.

पिंजरा अकरा. तांबूस, कान कातरलेला,
मुंढव्याच्या पुलाखाली डंपरनं कंबर मोडलेली.
दोन सह्या सोमवारी झाल्या.
तिसरे साहेब पुतणीच्या लग्नाला सासवडला.
आज बुधवार.
सलाईन चालू आहे. मी माश्या वारतोय.

डॉक्टर तांबवेकर म्हणतात, लहू, घाई नको.

घाईचा माणूस माझा बाप होता.
पहाटे चारला गाडी, लांब चिमटा,
कसब्यापासून पार खडकीच्या हद्दीपर्यंत.
घरी येऊन आकडा सांगायचा.
कुणाची सही लागायची नाही.
आई अंगणातच त्याच्या हातावर आधी रॉकेल ओतायची,
मग साबण, मग ताट.
आमच्या गल्लीतली कुत्री त्याच्यावर कधी भुंकली नाहीत.
भिंतीला अंग घासत निघून जायची.

म्हणून मी नियमाला नावं ठेवत नाही.
पण दुपारी तीनला
अकरा नंबर तोंड न उघडता जो आवाज काढतो
तो कुठल्या रकान्यात लिहू?

साहेब साडेपाचला आले.
केसांत एक अक्षत अडकलेली.
वाकले, बराच वेळ बघितलं.
पेन चालेना. माझं दिलं.

आता माझं काम.
बारा नंबरला साखळी लावून बाहेर न्यायचं.
काळी, म्हातारी, एका डोळ्यानं अधू,
दोन रात्री जाळीला पाठ लावून
त्याच्या पाठीशी झोपलेली.
कॅनॉलपर्यंत नेतो.
बिस्कीट मोडून देतो, घेत नाही.
कण्हेरीपाशी बसते,
तोंड शेडकडे, नाक वर.

देखत नाही, एवढंच लिहिलंय.
वाऱ्याचं काही लिहिलेलं नाही,
आणि संध्याकाळी तो नदीकडून निघून
शेडवरूनच आमच्याकडे येतो.

परतलो तेव्हा अकरा धुतलेला.
फिनेल. पालथी थाळी.
डॉक्टरांनी दोनदा नळी लावून खात्री केलेली,
वहीत वेळ: सहा दहा.
मी नळाखाली हात धुतले, कोपरापर्यंत.
पुन्हा धुतले.

बारा नंबर दारातच थांबली.
माझ्या ओल्या हाताचा वास घेतला,
बराच वेळ घेतला.
मग आत गेली.