दोन माणसं, एक रात्र

दुकान बंद करून, केर काढायच्या आधी
आरशासमोरच्या फिरत्या खुर्चीत बसते
आणि फोनवर टोकियो उघडते.
दोन माणसं. एक रात्र. फेब्रुवारीतला शनिवार.

चोवीस हजार येन.
म्हणजे सहा बायकांचे केस,
धुणं-वाळवणं धरून.
सकाळी हीच खोली सतरा हजारांना होती.
त्याच शनिवारी कुणा पोरांच्या बँडचा कार्यक्रम आहे म्हणे;
त्यांच्या चाहत्या आणि परीक्षेची मुलं
एकाच उशीवर बोली लावताहेत.

अंतर बघते. नाश्ता बघते.
लोक काय काय लिहून ठेवतात:
भिंती पातळ, शेजारच्याचं घोरणं फुकट.
खिडकी आहे, उघडत नाही.
एकानं नुसती किटलीची तक्रार केलीय,
इतक्या मनापासून
की मला त्याचीच काळजी वाटली.

उगुइसुदानीत एक खोली फारच स्वस्त निघाली.
फोटो मोठा केला तर
गोल पलंग, छताला आरसा, भाडं तासावर.
चिसातो मागून डोकावली.
"आई, इथे गणितं सुटायची नाहीत."
किती दिवसांनी हसलो दोघी.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
अंथरूण इथे एकशेवीस सेंटिमीटर,
दोघींत.
मी कडेला झोपेन. तशीही मी कडेलाच झोपते.

नकाशात परीक्षेची इमारत मधोमध घेते,
भोवती किमतींचे फुगे,
आणि बोट जरासं वर घसरतं,
ताबाताकडे.
तिथे फुगा नाही.
तिथे तिसऱ्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे,
भाचा ओसाकाला गेल्यापासून.
ती कुठल्याच यादीत येत नाही.
ती मिळायला एक फोन करावा लागतो,
आणि आईचं घर विकलं त्या हिवाळ्यापासून
सुमिएला मी तो केलेला नाही.
तिनंही मला.
त्यापेक्षा सहा जणींचे केस परवडले.

बटण दाबलं.
रद्द केल्यास पैसे परत मिळणार नाहीत.

खोली अकरा चौरस मीटर.
सूटकेस पसरली की दार अडतं,
दार उघडायचं तर आधी सूटकेस मिटायची.
पण ते नंतर. त्याआधी काउंटरवरच्या मुलानं,
छातीवरच्या पट्टीवर रिजाल, काठमांडूचा,
दोन्ही हातांनी एक पुडकं पुढे केलं.
"दुपारी एक बाई देऊन गेल्या.
बसा म्हटलं, बसल्या नाहीत."

चिसातो स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली.
तिनंच कळवलं होतं मावशीला
हॉटेलचं नाव.

आत हात शेकायच्या पिशव्या, चार.
भाताचे गोळे, पोटात खारवलेलं आलुबुखार.
चिठ्ठी नाही.
फडक्याची गाठ मात्र आईची:
दिसायला सैल, ओढली तर आवळते,
कुठलं टोक आधी, ते माहीत असावं लागतं.
मला माहीत होतं.

रात्री शेजारचा खरंच घोरत होता.
चिसातो झोपली. मी कडेवर
छताकडे बघत पडले, आरसा नसलेल्या.

सकाळी ती गेली, दोन्ही खिशांत ऊब घेऊन,
वळून न बघता; बरं वाटलं.
चेक-आउट दहाला. शेवटचा पेपर चारला सुटणार.
मध्ये सहा तास, एक सूटकेस,
घडी घातलेलं एक फडकं,
आणि ताबाता, तीन स्टेशनांवर.
रिकामं परत देऊ नये, एवढं तरी
आईनं दोघींनाही शिकवलंय.

रिजालला विचारते,
जवळपास चांगली संत्री कुठे मिळतील?
तो म्हणतो, चांगली म्हणजे इथे महाग मिळतात.
म्हटलं, असू देत.