पाच नावांची चिठ्ठी

विट्याहून परतताना टेम्पोत कुणी बोललं नाही
तासगाव येईपर्यंत.
मग भडंगाची पुडी दातानं फाडत सुकुमार म्हणाला,
"चौदा गुण आणलं पोरानं. चौदा.
आणि चिठ्ठीत नाव न्हाई?"

तिथून जे सुरू झालं
ते आयर्विन पूल ओलांडला, सांगलवाडी आली,
टेम्पोवाल्यानं दिवे मालवले, तरी संपेना.

दोन मिनिटं उरलेली. आम्ही चारनं पुढं.
आणि मगदूम सरांनी शीतलला बाहेर बोलावला.
डाव्या कोपऱ्यात सबंध सीझन ज्यानं
कुणाचा घोटा सुटू दिला नाही, त्याला!
आत कोण, तर भीमराव खोत.
का, तर अनुभव.
अनुभवाच्या हातून दोन घोटे निसटले,
एकतीस-एकतीस.

मग पाच-पाच चढाया.
मी हळदीच्या पेठेत तोलणार.
पोत्याला नुसता हात लावला तरी सांगतो किती भरेल,
चूक झालीच तर पावशेराची.
मला बांबूच्या कठड्यामागून दिसत होतं
तौफिकचा दम परत आलाय,
तो तळव्यांना माती चोळतोय,
बुटाची नाडी सोडतोय, बांधतोय, परत सोडतोय,
आणि सर त्याच्याकडं पाठ करून
खिशात पेन चाचपतायत.

पंचांनी नावं वाचली.
पहिलंच भीमरावचं.
पाचवं वाचून झालं तरी आम्ही कान लावून उभे,
जणू सहावं असतं.

एका गुणानं.
लिहायलासुद्धा हात जड होतो. एका गुणानं.

सोमवारपासून विलासच्या सलूनमध्ये
आरशाखालच्या फळीवर मैदान.
कंगवा आडवा ठेवला की मधली रेघ.
तुरटीचा खडा शीतल, कोपऱ्यात घट्ट.
पावडरचा डबा भीमराव, हलवल्याशिवाय हलत नाही.
आणि दाढीचा ब्रश, तो तौफिक.
गुरुवारपर्यंत ती मॅच आम्ही
अकरा वेळा जिंकलो,
एकदा तर लोण चढवून.
गिऱ्हाईकं डोक्याला तेल लावून घ्यायला यायची
आणि मगदूमांना शिव्या घालून जायची.
माझ्याही तोंडात एक होती,
चार दिवस घोळवलेली,
समोर सापडला की द्यायची म्हणून जपलेली.

गुरुवारी साडेदहाला सर दारात.
दाढीची खुंटं पांढरी. चप्पल बाहेर काढली,
सलूनात कोण चप्पल काढतं?
कुणी "या" म्हटलं नाही. कुणी उठलं नाही.
रेडिओवर हळदीचा भाव सांगत होते.

खुर्चीत बसले. फळीकडं बघत राहिले.
कंगवा. तुरटी. डबा.
मग बोटानं ब्रश जरासा पुढं सरकवला,
रेघेपलीकडं.
"ह्यो तौफिक व्हय?"
विलासनं मान हलवली.
"ह्यालाच धाडायला पायजे होतं," म्हणाले,
आणि डोळे मिटून मान मागं टाकली.

आता काय करायचं?
चार दिवसांची शिवी जिभेवर आली
आणि तिथंच थांबली, ओल्या पोत्यासारखी,
ना उतरवता येई, ना तोलता.

विलासनं तौफिकला उचललं,
कोमट पाण्यात बुडवलं,
सरांच्या गालांवर गोल गोल फेस केला.
मग वस्तरा.
आम्ही सहाजण बघत होतो
तो गळ्यापर्यंत उतरलेला,
आणि विलासचा हात इतका हलका
की मी तरी त्याचा कधी पाहिला नव्हता.

सरांनी पैसे ठेवले, चप्पल घातली,
पुलाच्या बाजूनं गेले.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
ब्रश पुसून विलासनं परत जागेवर ठेवला,
रेघेअलीकडं.

मग सुकुमार म्हणाला,
"पण शीतलला का काढला
ते इचारायचं राहिलंच की रं."