दीड जागा

अल नहदात, आमच्या इमारतीमागे,
वाळूचा एक तुकडा अजून बांधायचा राहिलाय.
तिथे आम्ही सगळे गाड्या लावतो.
रेघा नाहीत. रेघा मनात असतात,
आणि रात्री साडेअकराला घिरट्या घालून दमलेलं मन
फार काटेकोर नसतं.

माझी गाडी लहान. इतकी
की मागून दिवे मारणाऱ्याला
मी गाडी वाटत नाही, नुसता उशीर वाटते.
तीनशे अकराच्या रस्त्यावर
आरशात आधी लोखंडी जाळी येते, आरसाभर,
मग वर कुठेतरी, पहिल्या मजल्यावर असावा तसा,
माणूस.
तो दिवे मारतो. मी सरकते.
सरकता सरकता सात वर्षं झाली.
बढती एकदा.

पहाटे चारला मोफिजुल येतो काचा पुसायला.
माझी गाडी दहा मिनिटांत होते.
मोठ्यांच्या टपाला त्याचा हात पोचत नाही,
बादली पालथी घालून वर चढावं लागतं,
म्हणजे आधी पाणी संपवायला हवं.
हे गणित त्यानं मला एकदा समजावलं,
तक्रार म्हणून नाही,
कामाची पद्धत म्हणून.

मंगळवारी पावणेसहाला खाली उतरले
तर माझ्या बॉनेटला चिकटून, आडवं,
ते पांढरं धूड.
स्वतःची एक जागा, वर माझी अर्धी.
काचेमागे पुठ्ठ्यावर मोबाइल नंबर, टपोरा,
जणू हीच सभ्यता.
मी फोन लावला. तोंडात शिव्या तयार होत्या,
अस्सल मिरजेच्या,
आईसमोर कधी न वापरलेल्या.
रिंग वाजली,
आणि ती गाडीच्या आत वाजली.

काच आतून धुरकटलेली.
हुकाला इस्त्रीचा शर्ट,
शर्टाखाली उशी, उशीवर डोकं,
डोक्याजवळ चमकणारा माझा नंबर.
जानेवारी होता म्हणून. ऑगस्टात
इंजिन बंद ठेवून कुणी असं झोपूच शकत नाही.

"सॉरी मॅडम, दोन मिनिटं."
सात वेळा मागेपुढे करून त्यानं ती वळवली,
अनवाणी पायानं ब्रेक दाबत.

वॉचमन गुल नवाबला सगळं ठाऊक असतं.
इहाब नाव. फ्लॅट विकायचा, लोकांना, समुद्र दिसणारे.
नोव्हेंबरात नोकरी गेली, मग खोली गेली.
गाडी विकली तरी हप्ते फिटत नाहीत
आणि हप्ते राहिले तर देश सोडता येत नाही.
म्हणून तो कर्जाच्या आत झोपतो.
जागा ऐसपैस आहे म्हणे,
पाय पूर्ण लांब होतात.

ऑफिसच्या यंत्रानं माझा चेहरा ओळखला,
अकरा मिनिटं उशिरा, तरी थँक यू म्हणालं.
बासिलसाहेब म्हणाले नाहीत.
"ट्रॅफिक रोज असतो," ते म्हणाले,
"म्हणून ते कारण होऊ शकत नाही."
मी ट्रॅफिकच सांगितलं होतं.
दुसरं काय सांगणार होते?
टाइल्सच्या बिलांमध्ये मान घातली
आणि एका लादीची किंमत दोनदा धरली.

दया आली, हो.
पण दयेला पार्किंग लागत नाही, मला लागतं.
बुधवारी रात्री भिंतीला इतकं खेटून लावली
की माझ्या बाजूचं दार उघडेना,
गियर ओलांडून पलीकडून उतरले,
पर्स अडकली, ओढणी अडकली,
आणि त्याला शिव्या घातल्या, आता अर्ध्या आवाजात.

गुरुवारी पहाटे फोन माझाच वाजला.
पांढरी गाडी, असं सेव्ह केलेलं.
"मॅडम, मी तुम्हाला अडवलंय का?"
मी खिडकीतून पाहिलं. नव्हतं अडवलं.
"नाही," मी म्हटलं.
तो थोडा थांबला.
"मग किती वाजले?"