काहिलीतून

मुबारकभाईची काहील गुळाची.
गुऱ्हाळ मोडलं, तेव्हा भंगारात निघाली होती,
त्यानं ती वजनावर घेतली,
बुडाचं भोक डांबरानं बुजवलं
आणि येरळेच्या फुगवट्यात सोडली.
तिच्यात मधोमध बसायचं, मांडी घालून.
हलायचं नाही.
मुळीक सर हलतात.
"चक्रवाक!" म्हणत ते अर्धे उठले
आणि पाणी आत आलं
थेट माझ्या भाकरीच्या फडक्यापर्यंत.

बेट म्हणजे तरी काय,
पौषात पाणी उतरलं की उघडं पडणारं टेकाड.
चार बाभळी, कुणाच्या तरी विहिरीची कड,
सुकत्या शेवाळाचा वास.
वैशाखात इथं चपला घालून चालत येता येतं.
बेटसुद्धा हंगामापुरतंच.

मी विट्याच्या लॅबमध्ये पांढऱ्या पेशी मोजते.
तोच टकटक काउंटर रुमालात बांधून आणलाय.
सर म्हणतात, एकेक नको.
दहाचा एक घास कर डोळ्यात,
मग घास मोज.
थापट्या : चौदा घास, वर तीन.
शेकाटे हलत होते, दोनदा मोजले,
दोन्ही वेळा वेगळे.
एक परीट आमच्या चपलांपाशी
शेपटी खालीवर करत फिरला,
घर त्याचं, आणि आम्ही
न सांगता आलेले.

पट्टकादंब दुपारभर पाण्यात झोपून होते.
पांढऱ्या डोक्यामागे दोन काळ्या रेघा,
चुकलेलं गणित खोडावं तशा.
हिमालय ओलांडून येतात, सर म्हणाले,
वरून, जिथं माणसाला श्वास पुरत नाही.
मी विचारलं, वाटेत जोरहाट लागतं का?
सरांनी दुर्बीण खाली घेतली.
नकाशा बघावा लागेल, म्हणाले.
जोरहाटला माझा भाऊ असतो,
गलाईच्या दुकानात, सोनं आटवतो.
आमच्या गल्लीत प्रत्येक दारातला एकजण
असाच कुठल्यातरी लांबच्या गावात
भट्टीसमोर बसलेला.
यात्रेला येतात सगळे,
चार दिवस गल्लीत चालायला जागा नसते.

दिवस मावळताना हंस उठले.
आधी एक बोलला, मग दुसरा,
मग सगळं पाणीच उठल्यासारखं झालं.
डोक्यावरून गेले, मायणीच्या बाजूच्या हरभऱ्यात.
मी घास केले नाहीत. एकेक टकटक.
एकशे बारा.

रात्री ताडपत्रीखाली थंडी.
मुबारकभाईनं तीन दगडांवर चहा केला,
काहिलीच्या कडेला अजून
गुळाचा वास येतो म्हणाला,
मी वाकून घेतला. मासळीचाच आला.
लांब कुठंतरी शेतात हंस बोलत होते,
झोपेत माणसं बोलतात तसे,
अर्धं वाक्य इकडे, अर्धं तिकडे.

रविवार.
धुकं इतकं की बाभळी तीनच दिसत होत्या.
ते आले, आवाज आधी, अंग मागून.
टकटक.
एकशे अकरा.
सर म्हणाले, धुक्यात एखादा सुटतो.
मुबारकभाई म्हणाला, बसला असंल हरभऱ्यात,
चव लागली असंल, येतोय.
धुकं विरलं. पाण्यावर पुन्हा मोजले.
एकशे अकरा.
पेशींच्या मोजणीत एवढं इकडेतिकडे चालतं,
डॉक्टर त्यावरून औषध बदलत नाहीत.
तरी ऊन डोक्यावर येईपर्यंत
मी मायणीच्या बाजूलाच तोंड करून बसले,
भाकरी ओली होती ती तशीच खाल्ली.

फॉर्मवर एकच रकाना.
जे दिसलं ते लिही, सर म्हणाले.
दोन्ही वेळा मला जे दिसलं ते दिसलंच होतं.
मी आजचा आकडा लिहिला
आणि शेऱ्यात : धुके.

परतताना सर अजिबात हलले नाहीत.

सोमवारी लॅबमध्ये पहिली काच लावली,
काउंटर शून्यावर आणायचा राहिलेला.
एकशे अकरा.
बाहेर बाकावर कुणीतरी खोकत होतं.
मी एकदा दाबला.
मग शून्य केलं.