परतीची खिडकी

मागवायची खिडकी वेगळी. ती ग्रझिनाची.
तिथं लिपस्टिक असते, गल्ला असतो, वर पाटी असते.
पाटीवरची चार अक्षरं गळून पडलीत,
तरी आत काय मिळतं ते सगळ्यांना कळतं.
माझी खिडकी परतीची.
बुटकी, चौकोनी, वाफेनं आंधळी झालेली.
तिच्यातून मला माणसांचे नुसते हात दिसतात
आणि ताटात काय उरलं ते.

वूचमधल्या या मिल्क बारमध्ये सव्वीस वर्षं
मी उष्टं वाचते आहे.

बटाट्यावर शेपू पडतो इथं,
सूपवर शेपू, काकडीवर शेपू,
स्वयंपाकीणबाईंचं चाललं असतं तर कोंपोतातही पडला असता.
शेपूवरून गावाचे दोन तट आहेत.
एक तट मुकाट खातो.
दुसरा काट्याच्या टोकानं एकेक हिरवी काडी वेचून
ताटाच्या काठाला कुंपणासारखी लावतो,
इतक्या निगुतीनं
की धुताना माझ्या जिवावर येतं.

शाळेतलं एक पोर दुधातल्या शेवया संपवतं,
पण साय बोटानं उचलून
वाडग्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटवतं.
घरी खरं सांगता येत असेल:
वाडग्यात काही टाकलं नाही.

लाल नखांची बाई कटलेटचं कवच तेवढं खाते,
मांस सोलून ठेवते, संत्रं ठेवावं तसं.
पैसे पूर्ण मोजते. आपलं काय जातं.

मला स्वतःला बीट चालत नाही.
कोपरापर्यंत लाल होऊन घरी जाते, पण तोंडात नाही.
आई म्हणायची, नावडतं हा भरल्या पोटाचा नखरा.
हीच आई, जिनं लढाईतला एक हिवाळा सलगमवर काढला
आणि मरेपर्यंत सलगम
उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

आणि एक हात गुरुवारचा.
ठिपक्याठिपक्यांचा, करंगळी अर्धी.
गिरणीतली यंत्रं अशी करंगळी खायची,
मी दोन-तीन ओळखत होते अशा, गिरणी होती तेव्हा.
आठ पिएरोगी मागवायचा.
एक ठेवायचा.
अख्खा, मधोमध, वर लोणी थिजलेलं.
आधी मी चिडायचे. माज आहे, म्हणायचे.
बादलीत टाकताना आवाज करायचे, त्याला ऐकू जावा म्हणून.
मग एका मार्चमध्ये,
सकाळपासून पोटात काही नव्हतं, बाहेर ओला बर्फ,
मी मागं वळून पाहिलं
आणि उभ्या उभ्या खाल्ला.
उष्टा कसला, शिवलेलासुद्धा नव्हता.
बटाटा, पनीर, मिरीचा ठसका.
त्यानंतर गुरुवारी मी डबा आणणं बंद केलं.
ग्रझिनाला अजून माहीत नाही.

मागच्या गुरुवारी ताट रिकामं आलं.
पावानं पुसलेलं,
मधली निळी फुली लखलखीत.
मी ताट हातात धरून राहिले. मग वाकले,
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, खिडकीतून बाहेर.
वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला माणूस.
विणलेली टोपी, एका कानात यंत्र.
"काही चुकलं का, बाई?"
नाही म्हटलं. चुकेल काय?
"आज भूक होती," तो म्हणाला,
चोरी सापडल्यासारखा.
"खावं की," मी म्हटलं. "खाण्यासाठीच असतं."
तो थांबला. यंत्र नीट बसवलं कानात.
"बादलीचा आवाज," म्हणाला, "बंद झाला होता मधे.
म्हणून ठेवत राहिलो."

माझ्या मागं नळ वाहत होता.
मी काय बोलले ते आठवत नाही,
बहुतेक काहीच नाही,
कारण तेवढ्यात पुढचा वाडगा येऊन टेकला,
आतून स्वच्छ,
बाहेरून साय.