तो कुठे राहतो

सेंट सिरिलच्या तळघरात बटाट्याच्या पिएरोग्या तळल्याचा वास,
घडीच्या खुर्च्या, आणि आमचा पक्ष
दोन भिंतींना पाठ लावून बसलेला.
मधल्या रिकाम्या जागेत कॉफीचं यंत्र
एकटंच गुरगुरत होतं.

ड्रेडा हॅलोरन बोलायला उठली
ती रात्रपाळीच्या बुटांतच.
बावीस वर्षं नर्स. मोनोंगहेलाच्या या खोऱ्यातल्या
निम्म्या म्हाताऱ्यांना तिनं कुशीवर वळवलंय.
इन्सुलिन, म्हणाली. बंद पडलेलं प्रसूतिगृह. नदीचं पाणी.
आकडे तिला पाठ होते, विनोद नव्हते.

मग वॉरन टील. माजी सरकारी वकील,
अंगातला कोट असा, की शिवतानाच
त्याचं वॉशिंग्टनचं तिकीट काढलेलं असावं.
"मी निवडून येऊ शकतो," तो म्हणाला.
थोडं पाणी प्यायला, आणि पुन्हा तेच म्हणाला.
समोरच्या भिंतीनं टाळ्या वाजवल्या.
त्यात माझा सख्खा भाऊ लिओ.

एप्रिलभर मी दारं वाजवली.
हेझल स्ट्रीटवर ओरझेक, नाकात ऑक्सिजनची नळी:
"ड्रेडा? सोन्यासारखी पोर.
माझ्या बायकोचे डोळे तिनंच मिटले.
पण नदीपलीकडचे तिला मत देणार नाहीत गं."
म्हणून तो टीलला देणार होता.

नदीपलीकडे गेले.
फर्न मॅकिल्वेननं मला आत बसवलं, केक दिला.
"मला आवडते ती. माझं सोड.
डोंगरावरच्या नव्या घरांतले ऐकतील का?"

डोंगरावर गेले. गाडीनं गिअर सोडला, मी नाही.
कडेवर बाळ घेऊन एक तरुण बाई:
"आम्हाला चालेल हो.
पण ते खालचे, काचकारखान्यातले म्हातारे,
हेझल स्ट्रीटवाले,
ते बाईमाणसाला देतील?"

मी गाडी कडेला घेऊन बराच वेळ बसून राहिले.
वायपर कोरड्या काचेवर फिरत होते, ते बंद करायचं सुचलं नाही.
ज्याला ड्रेडा नको होती तो माणूस
माझ्या यादीतल्या एकाही दारात राहत नव्हता.
आणि सगळे मत त्याच्याच वतीनं देणार होते.

मग ते पत्रक आलं.
१९९८ साली तिचा परवाना महिनाभर थांबवला होता, त्याचं.
पलीकडच्या पक्षाचं असणार म्हणून उलटून पाहिलं,
तर कोपऱ्यात मुंगीएवढा शिक्का,
आपल्याच युनियनच्या छापखान्याचा.
"नोव्हेंबरात ते हेच काढणार," लिओ म्हणाला,
"त्यापेक्षा आपण आधी काढलेलं बरं."
"म्हणजे आपल्या माणसाला आपणच आधी भोसकायचं,
परक्याचा सुरा बोथट व्हावा म्हणून?"
त्यानं पाय संपवला, ताटली धुतली, आणि गेला.
आई गेल्यापासून ताटली धुवायला तो विसरत नाही.

दोनशे अकरा मतांनी.
ड्रेडानं साडेदहाला टीलला फोन केला, अभिनंदन म्हणाली,
आणि अकराच्या पाळीला गेली.

सकाळी टीलच्या माणसानं माझी दारांची वही मागितली.
दिली. न देऊन कुणाला सांगणार?
प्रत्येक नावापुढं माझ्या अक्षरात होतंच:
आवडते, पण.
आवडते, पण.
त्यातलं एकही 'पण' मी खोडलं नाही.

दुपारी लिओ पक्कड घेऊन अंगणात आला.
पाट्यांच्या तारा काढायच्या होत्या.
तार दोघांची एकाच मापाची,
तिचा पुठ्ठा सरकवायचा, त्याचा घालायचा.
आम्ही न बोलता तेरा काढल्या.
चौदावी मी वाटाण्याच्या वेलाला ठेवून घेतली.

"नोव्हेंबरात येशील ना दारं वाजवायला?" त्यानं विचारलं.
मी म्हटलं, पक्कड दे इकडे.